खाणीवरचा गूळ

दगडावर टाकी पडली, की उठणाऱ्या कोरड्या वासानं मला निजामाच्या काळातली अंबडजवळची खाण आठवते. वडील तिथं दगड घडवीत. ‘गूळ खाल्ला की धूळ बिलकुल बाधत न्हाई,’ म्हणत ठेकेदार रोज गूळ वाटायचा, आणि वडील तो प्रसादासारखा घ्यायचे. एकदा त्याचे जावई जरीचा फेटा बांधून खाण पाहायला आले. ते वडिलांजवळ जाताच ठेकेदार ओरडला, ‘जावईबापू, जल्दी मागं सरा! ती धूळ छाती खाती!’ वडिलांचा हात थांबला. ‘मालक, मंग आमची छाती?’ ‘तुला गूळ देऊन राह्यलो ना!’ पुढं वडील छातीच्या दुखण्यानंच गेले. या धुळीनं फुप्फुसाचा कॅन्सरही होतो, असं आता डॉक्टर सांगतात. ठेकेदाराला रोगाचं नाव ठाऊक नसेल. बाकी सगळं ठाऊक होतं, पण ते त्यानं फक्त जावयाला सांगितलं.