आईच्या पेटीवरचं अक्षर

छिउयुनच्या हातात पहिला कुंचला दिला तो तिच्या वडिलांनी. च्यांगशीच्या त्या डोंगराळ भागात शवपेटीच्या तोंडावर 'शौ' हे अक्षर काढणारं त्यांचं एकच घर. शौ म्हणजे दीर्घायुष्य. वडील काठीने मातीत त्याचं जुनं रूप काढायचे. वर म्हाताऱ्याचे लांब केस, खाली शेताच्या टोकाला जाऊन परत वळणारं नांगराचं तास. "नांगर धरून किती वळणं घेतलीस, तेवढी तू जगलीस," म्हणायचे. जुन्या राजवटींत ते नवसाच्या काशाच्या भांड्यांवर असायचं, मग वाढदिवसाच्या वाडग्यांवर, राजघराण्याच्या झग्यांवर आलं, आणि म्हाताऱ्यांनी जिवंतपणीच करून ठेवलेल्या पेट्यांवरही.

सासूबाईंची पेटी कोठीत होती. त्या तिच्यात रताळी ठेवायच्या. दर नववर्षाआधी छिउयुन तिला लाखेचा नवा हात द्यायची आणि अक्षर सोनेरी भरायची. शेवटचा ठिपका मात्र नवऱ्याचा, वेनशंगचा.

"ठिपका म्हणायचा की कोंबडीनं घाण केलीय?" सासूबाई विचारायच्या.

"तू जगत राहा आई, हात सुधारतोय," तो म्हणायचा.

परवा दगडखाणीत त्याच्यावर दरड कोसळली. चाळिशीतल्या माणसाची पेटी कोण करून ठेवतं? सासूबाईंनी रताळी उपसली आणि म्हणाल्या, "माझीच द्या त्याला."

आज सकाळी खांदेकरी अंगणात आले, पेटीचं तोंड बघून मागे सरले. सासूबाईंचे धाकटे दीर, फूथियन काका, घसा खाकरत पुढे झाले.

"वहिनी, अक्षर खरवडून टाकावं लागेल. आई मागे ठेवून गेलेल्याला शौ चालत नाही. हे लोक हात लावणार नाहीत."

"पेटी माझी, अक्षर माझं. मी पोराला दिलं. तुमचं काय जातंय?"

"माझं काही नाही हो. पण अख्खं गाव तोंडात बोटं घालेल."

"घालू दे. तेवढा वेळ तरी गप्प बसतील."

खांदेकऱ्यांतला एक जण हसला आणि लगेच खाली बघायला लागला. काका छिउयुनकडे वळले. "सूनबाई, ऊन चढायच्या आत निघायला हवं. तूच काढलंयस, तूच खरवड."

ती उठली, खरवडायचं पातं घेतलं. रडू येत नव्हतं, आणि येत नाही याचंही काही वाटत नव्हतं. पातं बोथट आहे, एवढंच लक्षात आलं. ती पेटीसमोर उकिडवी बसली.

"सूनबाई, हात लावलास तर बघ," सासूबाई म्हणाल्या.

"उचलणार नाहीत, आई. तो इथेच पडून राहील."

सासूबाई दारातल्या बाकावर जाऊन बसल्या.

पहिला थर निघाला. खाली गेल्या वर्षीचा, त्याखाली त्याच्या आदल्या वर्षीचा. सोनं, काळं, सोनं, काळं. म्हाताऱ्याचे केस गेले, तास गेलं. भुगा तिच्या मांडीवर पडत होता, आणि स्वयंपाकघरात टोफू करपल्याचा वास येत होता. कुणीतरी बघेल, असं तिला वाटलं.

ठिपका उरला. वेनशंगने थरावर थर चढवून त्याचं बोराएवढं टेंगूळ केलं होतं. पातं त्यावर टेकवून ती थोडा वेळ थांबली. मग ते खाली ठेवलं, लाखेचं भांडं ओढलं आणि कुंचल्याने सगळ्यावर काळा हात फिरवला. ठिपक्यावरूनही.

काका वाकून बघायला लागले. "हे काय राहिलं?"

"गाठ आहे. लाकडातली."

"देवदाराच्या एवढ्या गुळगुळीत फळीला गाठ?"

"आहे."

काकांनी अंगठा दाबला. लाख ओली होती. अंगठा उचलला तेव्हा काळ्यातून सोन्याची कड दिसली. त्यांनी छिउयुनकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. त्यांनी अंगठा विजारीला पुसला, मग तिच्या हातातला कुंचला घेऊन ती कड स्वतःच बुजवली.

"गाठच आहे," ते खांदेकऱ्यांना म्हणाले. "चला रे, दोर घ्या."

पेटी फाटकातून बाहेर पडली. रिवाजाप्रमाणे आई मुलामागे जात नाही. सासूबाई बाकावरच राहिल्या.

"ठिपका?" त्यांनी विचारलं.

"आहे," छिउयुन म्हणाली, कपाळाला पांढरं फडकं बांधलं आणि पेटीमागे चालायला लागली.