देवाजीकाकांची पहिली प्लेट

खरं सांगते, हे मी लिहिणारच नव्हती. परीक्षा डोक्यावर आहे, प्रोजेक्टचा रिपोर्ट अर्धा पडला आहे. पण आज सकाळी ठेल्यावर जयाकाकू पोहे परतता परतता म्हणाल्या, "दिवाळीनंतर आम्ही बुटीबोरीले चाललो वं मेघा, सौरवकडे. ठेला बंद." सौरव त्यांचा पोरगा, तिथं कंपनीत आहे. मी प्लेट संपवली अन् सरळ इकडे आली. आता लायब्ररीत बसून टाइप करून राहिली आहे, चुका झाल्या तर समजून घ्या.

आपल्या कॉलेजच्या गेटबाहेरचा तर्री-पोह्याचा ठेला सगळ्यांना माहीत आहे. यंदा आलेल्या ज्युनिअर लोकांनी मात्र तिथं फक्त काकूंना पाहिलं. आम्ही फर्स्ट इयरला होतो तेव्हा तिथं काका उभे राहायचे, देवाजीकाका. कानाला मफलर, हातात पळी, अन् थंडीत त्या तर्रीच्या गंजातून अशी वाफ निघायची की माझा चष्माच पांढरा व्हायचा. चण्याच्या रश्श्यावर बोटभर लाल तेल तरंगलं नाही तर ती तर्रीच नाही असं त्यांचं म्हणणं. मिरची त्यांच्या गावची, भिवापूरची. चणा कळमन्याच्या बाजारातून, दाताखाली फोडून पाहून आणलेला.

अन् रोजची पहिली प्लेट ते स्वतः खायचे. गिऱ्हाईक कितीही ओरडो. "आपण खाल्लं नाही ते लोकाले काहून द्यावं?" खाऊन झालं की मान हलवायचे, मग ठेला सुरू.

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या छातीत दुखलं. स्टेंट टाकला, कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली, तर्री बंद. काका महिन्याभरात ठेल्यावर परत आले पण सवयीनं पहिली प्लेट भरायचे अन् नुसते पाहत राहायचे. मले ते बघवायचं नाही.

त्याच वेळी माझा प्रोजेक्ट सुरू झाला, चण्यावर. मी त्यांच्याकडूनच कच्चा चणा नेला.

"काय करून राहिली वं माझ्या चण्याचं?"

"काका, त्यातलं प्रोटीन काढतो. पोटात असतात तसे रस टाकून त्याचे बारीक बारीक तुकडे करतो. कोलेस्टेरॉल एकटं रक्तात शिरत नाही, आतड्यात पित्ताच्या बारक्या थेंबांमध्ये बसून जाते. हे तुकडे तिथं आधीच घुसतात. मंग कोलेस्टेरॉल बरंचसं बाहेरच राहते."

काका हसले. "मंजे बसच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरते, तसं?"

"अगदी तसंच!"

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर काय, काका पहिली प्लेट घेऊन उभे, वरून तर्री ओतलेली, चमचा तोंडापाशी. काकूंनी मनगटच धरलं.

"काहून जी, मराचं हाय का?"

"अवं चण्यानं सीट धरली हाय. तेल बसतेच कुठं? पोरीनं सांगतलं."

आमच्या वर्गातला पियुष हसून हसून स्कूटीवरून पडायचा बाकी होता. मी मात्र धावत गेली. म्हटलं, काका, ते सगळं काचेच्या नळीत झालं. तेही चण्याचं तेल काढून, पीठ करून. माणसाच्या पोटात किती तुकडे टिकतात, काय करतात, मले नाही माहीत. आमच्या सरलेबी नाही.

"मंग होईन का कधी?"

"लोक शोधून राहिले काका. पण तोवर गोळी सोडायची नाही. अन् हे नाही."

त्यांनी प्लेटकडे पाहिलं. मग माझ्यासमोर धरली.

"घे. तू खाय अन् खरं सांग."

"मस्त आहे."

"मस्त तं सगळेच म्हणतात. तिखट जिभेवर लागलं का घशात?"

"घशात."

"मंग आज फोडणीत मिरची जळली," काका म्हणाले, अन् कितीतरी दिवसांनी त्यांनी मान हलवली.

त्या दिवसापासून जो आधी येईल त्याले पहिली प्लेट फुकट, पण चव सांगा लागे. पहिलं लेक्चर आयुष्यात न पाहिलेला पियुष त्यासाठी सातला येऊन उभा राहायचा! "मीठ बरोबर, आंबटपणा कमी," असं गंभीर तोंड करून सांगायचा अन् काका ऐकायचे जसं काही डॉक्टरच बोलून राहिला. काय दिवस होते यार ते.

या पावसाळ्यापासून काकांना उभं राहिलं की दम लागतो. ते घरीच असतात. चव त्यांना कोणीच सांगत नाही. त्यांनी काकूंना विचारलं तर म्हणतात, माझ्या हातचं मीच कसं सांगू?

रविवारी मी त्यांच्या घरी गेली होती. जयभीम म्हटलं तर पाण्याच्या आधी प्रश्न, "खाऊन आली का?" मी सगळं सांगितलं, मीठ जरा कमी होतं तेही. काका डोळे मिटून ऐकत होते. मग आतमध्ये ओरडले, "पाह्य वं! मी म्हनलो होतो नं, मीठ कमी पडते!" ठेल्यावरून नुकत्याच आलेल्या काकू आतूनच ओरडल्या, "मंग उद्यापासून तुमीच टाका मीठ!" काका इतके खूश झाले की मले रडू आलं.

म्हणून लिहून राहिली. घर इंदोऱ्यात आहे, विहाराच्या मागच्या गल्लीत, हिरवं दार. पार्सल नेऊ नका, काकू बदडतील. आधी ठेल्यावर खा, मीठ तिखट नीट लक्षात ठेवा, अन् तोंडातली चव जायच्या आत तसेच काकांकडे जा. बुटीबोरीले कोण जाणार आहे चव सांगायले? दिवाळीच्या आत जा. उद्याच जा नं.