आबासाहेबांना नाही कोण म्हणणार?

चारच्या राउंडला आबासाहेबांची खाट रिकामी होती. बाथरूममध्ये नव्हते, हॉलमध्ये नव्हते, मागच्या लिंबाखालीही नव्हते. मे महिना, बाहेर बघवत नव्हतं असं ऊन. दुपारच्या जेवणाआधी त्यांना इन्सुलिन दिलेलं. चारच्या सुमारास पोटात काही गेलं नाही तर त्यांची साखर एकदम उतरते, शुद्धही जाऊ शकते.

पाटोद्याच्या रस्त्यावर आमचं डिमेन्शिया केअर सेंटर आहे, म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांना सांभाळायची जागा. मी तिथली नर्सिंग सुपरवायझर. आबासाहेबांनी उभा जन्म तालुक्याच्या राजकारणात काढला. आज वार कोणता ते त्यांना सांगता येत नाही, पण सदरा पांढरा, कडक इस्त्रीचाच लागतो आणि आवाज अजून सभेतला आहे.

मी पळत गेटवर गेले. वॉचमन महादेव स्टुलावर निवांत बसला होता. तो आबासाहेबांच्याच गावचा, मेंढपाळाच्या घरातला.

"आबासाहेब दिसले का रे?"

"गेले की मॅडम, पाटोद्याला. बाजार समितीची मीटिंग हाय म्हनले. मीच काळीपिवळी जीप थांबवली. डायवरच्या शेजारी बसवलं, मागं दाटी व्हती."

पुढची सीट मिळवून दिली याचं त्याला कौतुक होतं!

"अरे, सोडलंस कशाला?" मी इतक्या जोरात ओरडले की स्वयंपाकघरातल्या बायका बाहेर आल्या.

"मॅडम, तुमीच शिकवलं ना, पेशंटला न्हाई म्हनायचं न्हाई."

शिकवलं होतं खरं. या आजारात तोंडावर नाही म्हटलं की माणूस बिथरतो. म्हणून वाद घालायचा नाही, त्याचं लक्ष दुसरीकडे वळवायचं. त्याला आम्ही रीडायरेक्ट करणं म्हणतो. पंधरा दिवसांपूर्वीच्या ट्रेनिंगमध्ये पहिला भाग मी ठासून सांगितला. दुसरा सांगायच्या आत कुणाचा तरी फोन आला आणि तो राहूनच गेला.

ग्लुकोजचा डबा आणि साखर तपासायचं मशीन घेऊन मी व्हॅनमध्ये बसले. महादेवलाही घेतलं, त्याच्याकडे काळीपिवळीवाल्याचा नंबर होता. "साहेबाला बाजारात उतरवलं," एवढंच तो जीपवाला फोनवर सांगू शकला. मग बीडला आबासाहेबांच्या मुलाला, विक्रमरावांना, फोन केला. लपवण्यात अर्थ नव्हता.

"त्या वॉचमनला आजच्या आज हाकला," ते म्हणाले. "आणि आबांना काही झालं तर तुम्हालाही सोडणार नाही."

रस्त्याकडेला पांढरं काही दिसलं की मी व्हॅन हळू करायला लावायचे. महादेव शेजारी हात जोडून बसला होता. मला त्याचा राग येत होता आणि त्याहून जास्त स्वतःचा.

बाजारात एका खताच्या दुकानापुढे आबासाहेब खुर्चीवर बसलेले दिसले. भोवती पाच-सहा माणसं. एकजण सांगत होता, "डीपी जळून पंधरा दिस झाले साहेब, गावात लाईट न्हाई, कुनी बघंना." आबासाहेब मान हलवत होते. सदरा घामानं भिजलेला, बोटं थरथरत होती. समोरचा चहा तसाच.

"यांना विचारलं नाही का तुम्ही, कुणाबरोबर आलात?" मी दुकानदाराला हळूच म्हटलं.

"त्येंला कसं इचारावं ताई? खुर्ची दिली."

मी चहात तीन चमचे ग्लुकोज ढवळलं आणि कप त्यांच्यापुढे धरला. त्यांनी हातानं बाजूला केला. "आधी लोकांची कामं."

ओरडून उपयोग नव्हता. ओढून तर त्याहून नाही. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही घेतल्याशिवाय ही माणसं चहाला हात लावायची नाहीत."

त्यांनी भोवती पाहिलं आणि कप उचलला. मग दुसराही घेतला. पंधरा मिनिटांनी मी बोटाला सुई टोचली तेव्हा साखर धोक्याबाहेर होती. मला तिथंच रडू फुटलं. लोकांना वाटलं, साहेबांकडे माझंही काही गाऱ्हाणं असेल.

महादेवला मी काढू दिलं नाही. माझ्या चुकीसाठी त्याची नोकरी कशाला? त्याला सराव म्हणून रोज दुपारी मी आबासाहेब व्हायचे, गेट उघड म्हणून दरडावायचे, आणि त्यानं म्हणायचं, "साहेब, डायवर जेवतोय. तवर बसा." पहिले दोन दिवस तो माझ्यासाठीसुद्धा गेट उघडायला धावला. गेटची किल्ली मात्र तेव्हापासून माझ्या कमरेला आहे.

रविवारी विक्रमराव आले. पोर्चमध्येच सुरू झाले. "याला अजून ठेवलंय तुम्ही? एवढं साधं कळत नाही त्याला?"

तेवढ्यात टोपी घालून आबासाहेब बाहेर आले. "विक्रम, गाडी काढ. पाटोद्याला मीटिंग आहे."

"हो आबा," विक्रमराव म्हणाले आणि जाऊन गाडीचं पुढचं दार उघडून उभे राहिले.

मी काही बोलणार, तोच महादेव खुर्ची घेऊन आला. नजर जमिनीवर. "साहेब, डायवर जेवतोय. तवर बसा."

आबासाहेब बसले. म्हणाले, "जेवू दे बिचाऱ्याला."

महादेवला काढायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. आता ट्रेनिंगला मी नातेवाइकांनाही बसवते. विक्रमराव दर वेळी येतात, पहिल्या रांगेत बसतात. 'डायवर जेवतोय' हे वाक्य आबांपुढे त्यांना अजून म्हणता येत नाही.