रोमिंग चालू आहे म्हणे!

आमच्या शाखेतलं कुणी परदेशातून परत आलं की फोटो नंतर दाखवतं, आधी भांडण सांगतं. आणि भांडण एकाच गोष्टीचं, इंटरनेटचं! एलटीसीवर, म्हणजे बँकेच्या प्रवास सवलतीवर, सिंगापूर, बँकॉक, दुबई करून आलेली आम्ही उज्जैनच्या माधव नगरची बँकवाली माणसं. पूर्वी सहलीचे किस्से म्हणजे हरवलेली बॅग नाहीतर बेचव जेवण. मग मोबाईल कंपन्यांचं पीक आलं आणि किस्सेही तसेच येऊ लागले. डबा खाताना एकाने सुरुवात केली की दुसऱ्याचा संताप उकळलाच म्हणून समजा. आम्ही हसत सांगतो खरं, पण सांगताना अजून दिमाग खराब होतं!

*

पहिला मान शर्माजींचा. लोनच्या टेबलावर बसतात. इतका शांत माणूस मी बँकेत दुसरा पाहिला नाही.

सिंगापूरला जायच्या आधी देवास गेटला त्यांच्या मोबाईल कंपनीच्या दुकानात त्यांनी तीन चकरा मारल्या. काउंटरवरची मुलगी दर वेळी गोड हसून सांगायची, "सर, रोमिंग चालू, इंटरनेट भी चालू। बस वहाँ उतरकर फ़ोन ऑन कीजिए।"

शर्माजींनी उतरून फोन ऑन केला. काही नाही. बंद करून परत ऑन केला. काही नाही. शेवटी हॉटेलच्या रिसेप्शनवरून हेल्पलाइनला फोन लावला. भरपूर संगीत ऐकल्यावर एक बाई आल्या.

"सर, सुरक्षा के लिए कृपया अपने रजिस्टर्ड नंबर से कॉल कीजिए।"

"मैडम, वही तो बंद है!"

"जी सर। तो चालू होते ही कॉल कर लीजिएगा।"

शर्माजींनी तिथे उभ्याउभ्या मराठीत शिवी घातली. पंधरा वर्षं आमच्यात बसून शिकलेली. डबा खाताना हे ऐकून मी म्हटलं, "शर्माजी, मराठीत का?" तर म्हणाले, "मैडम, हिंदी वाली कम पड़ रही थी!"

*

दुबई. ही सहल मी आणि वसुधाने मिळून केली. वसुधा पागनीस आमची कॅशियर. जिभेने तिखट. कॅश काउंटरवर कुणी रांग मोडून पुढे आला तर तो आयुष्यात पुन्हा मोडत नाही.

टूर कंपनीच्या कागदावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, हॉटेलात वायफाय मोफत. खोलीत गेल्यावर कळलं की ते फक्त खाली लॉबीत येतं. लॉबीतही सगळीकडे नाही, एका खांबापाशी. झालं! आमच्या ग्रुपचे वीस लोक त्या खांबाला चिकटले. कुणी जमिनीवर, कुणी सोफ्याच्या हातावर. कुणीतरी रतलामी शेवेचं पाकीट फोडलं. बाहेर गाडी उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि यांचे फोटो अपलोड होताहेत!

वसुधाने टूर मॅनेजरला धरलं, "कागज़ पर तो लिखा है, होटल में वाई-फ़ाई।"

"मैडम, लॉबी होटल में ही तो है!"

वसुधा खांबाकडे वळून ओरडली, "चला उठा सगळे! खांबच बघायचा होता तर आपल्या स्टेशनवर कमी आहेत का?"

*

मोघे साहेब आमचे मॅनेजर. त्यांच्यासाठी नियम म्हणजे नियम. सख्ख्या भावाचा चेक त्यांनी सही जुळत नाही म्हणून परत पाठवलेला आहे.

साहेब बँकॉकला गेले. तिथल्या विमानतळावर इंटरनेटवालं सिम घेतलं. विकणाऱ्या मुलीने यांचं उज्जैनचं सिम काढून एका कागदात गुंडाळून दिलं. साहेबांनी तो कागद नीट खिशात ठेवला आणि हॉटेलात खिसे रिकामे करताना नीट कचऱ्यात टाकला.

दोन दिवसांनी बोटीच्या सहलीची तिकिटं ऑनलाइन काढायला बसले. ओटीपी गेला उज्जैनच्या नंबरवर! वहिनी तयार होऊन टोपी घालून बसलेल्या. साहेबांनी शाखेत फोन लावला. उचलला मी.

"जोशीबाई, माझ्या खात्याला हा नवा नंबर लावा. लगेच."

"सर, त्याला अर्ज लागतो."

"आल्यावर देतो!"

"ग्राहकाने स्वतः समोर यावं लागतं. तुम्हीच भिंतीवर लावलंय."

"अहो, मी मोघे बोलतोय!"

"आवाज ओळखला सर. पण आवाजावर नंबर बदलायचा नाही, हेही तुम्हीच सांगितलंय."

फोन आपटल्याचा आवाज बँकॉकहून स्वच्छ आला. बोट गेली. परत आल्यावर साहेब आठ दिवस माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. नवव्या दिवशी टेबलाशी येऊन उभे राहिले.

"तुम्ही बरोबर केलंत जोशीबाई. पण राग आहे तो आहे!"

*

आमच्या घरचाही एक सांगूनच टाकते. आमचे हे कॉलेजात इतिहास शिकवतात. सिंगापूरला चार दिवस त्यांनी फोन खिशातून काढला नाही. परत आल्यावर बिल आलं. आकडा सांगत नाही, सासूबाई वाचतील. फोनने खिशातल्या खिशात स्वतःच इंटरनेट वापरलं होतं!

बिल घेऊन हे कंपनीच्या ऑफिसात गेले. तिथला माणूस कागद बघून म्हणाला, "सर, इसमें तो सुबह पाँच बजे का भी इस्तेमाल है।"

"पाँच बजे मैं सो रहा था!"

"आप सो रहे होंगे सर। फ़ोन जाग रहा था।"

*

आता वसुधाचा मलेशियाचा. हा किस्सा ती स्वतः कधी सांगत नाही. मी तिच्या शेजारच्या सीटवर होते, म्हणून मला ठाऊक.

वसुधाचा नवरा लवकर गेला. मुलगी केतकी, तिला हिने एकटीने वाढवलं. त्या वर्षी केतकी बारावी झाली, इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी कॉलेजांची आणि शाखांची पसंती ऑनलाइन भरायची होती. वसुधाला हवं होतं इंदूरचं कॉम्प्युटर. केतकीला हवं होतं टेक्स्टाइल, तेही परगावी. ही मुलगी दर रविवारी सायकल हाणत भैरवगढला जायची, तिथल्या कापडछपाईवाल्यांकडे ठसे मारत बसायची आणि रंगलेल्या हातांनी घरी यायची. घरात महिनाभर युद्ध. शेवटी वसुधाने जाहीर केलं, "पासवर्ड माझ्याकडे आहे. फॉर्म मी भरणार!" शेवटची तारीख आम्ही परत आल्यानंतरची होती, म्हणून केतकीला बहिणीकडे ठेवून ती निर्धास्त आली.

तिसऱ्या दिवशी सकाळी, बस क्वालालंपूरमध्ये फिरत असताना तिच्या बहिणीचा एसएमएस आला. तारीख अलीकडे आणली. आज पाचला बंद.

वसुधाचा चेहरा पांढराफटक पडला. तिच्या फोनवर इंटरनेट नव्हतं. माझ्या फोनवर घेतलेलं पॅकेज चालत नव्हतं. मी म्हटलं, "वसुधा, पासवर्ड केतकीला कळव. ती भरेल."

"ती नको ते भरेल!"

ती उठून टूर मॅनेजरकडे गेली. त्याच्या फोनवर इंटरनेट धडधडीत चालू होतं.

"भैया, दस मिनट दे दीजिए। बेटी के एडमिशन का है।"

"मैडम, ये कंपनी का फ़ोन है। पर्सनल काम के लिए अलाउड नहीं।"

"आप सुबह से इस पर क्रिकेट देख रहे हैं!"

सगळी बस हसली. तो चिडला. म्हणाला, आता गाडी थेट पुढच्या ठिकाणीच थांबेल. वसुधा ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि दरवाजावर हात आपटायला लागली. कॅश काउंटरच्या काचेवर आपटते तसा. ड्रायव्हरला भाषा कळत नव्हती, पण हात कळला. त्याने गाडी थांबवली. ती उतरली, मागोमाग मी. वरून टूर मॅनेजर ओरडतोय, "आधा घंटा! फिर गाड़ी निकल जाएगी!"

दोन दुकानांनी नाही म्हटलं. तिसरं झेरॉक्सचं होतं. मालक म्हातारे तमिळ गृहस्थ. वसुधाने मोडक्या इंग्रजीत सांगितलं, मुलगी, कॉलेज, आज शेवटचा दिवस. त्यांनी आपलं काम बाजूला सारलं, खुर्ची पुढे केली आणि पंखा तिच्याकडे वळवला. एवढंच. आणि आमच्या पैशांनी आमच्यासोबत फिरणारा तो माणूस बसमध्ये क्रिकेट बघत होता!

साइट उघडली. पासवर्ड टाकला. पानावर लाल अक्षरं आली. पसंती लॉक झालेली होती, काल दुपारीच. पहिल्या क्रमांकावर टेक्स्टाइल. दुसऱ्यावर टेक्स्टाइल. तिसऱ्यावरही!

वसुधाने तिथूनच केतकीला फोन लावला. पैशांचा विचारसुद्धा केला नाही.

"पासवर्ड कुणी दिला तुला?"

पलीकडून आवाज मला ऐकू येत होता. "कुणी नाही."

"मग?"

"आई, तुझा पासवर्ड म्हणजे माझं नाव आणि माझा वाढदिवस. मला कळणार नाही?"

केतकी तिकडून "आई? आई, रागावलीस?" म्हणत राहिली. वसुधाने फोन बंद केला. दुकानदाराने पैसे घेतले नाहीत. त्यांना नमस्कार करून आम्ही बसमध्ये चढलो.

टूर मॅनेजर फणकारला, "आपके चक्कर में सब लेट हुए। काम तो हुआ?"

"हुआ," वसुधा म्हणाली. मग मराठीत, सगळ्या बसला ऐकू जाईल अशी, "मी नाही केलं, एवढंच!"

रस्ताभर ती खिडकीकडे तोंड करून बसली. मी हात धरायला गेले तर झटकला.

बस थांबली ती बाटिक कापडाच्या कारखान्यापाशी. अशा खरेदीच्या थांब्यांना वसुधा पहिल्या दिवसापासून शिव्या देत होती, मला वाटलं उतरणारच नाही. ती सगळ्यांच्या आधी उतरली. आत एक बाई ताणलेल्या कापडावर मेणाने फुलं काढत होती. वसुधा तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. डोळे लाल, आवाज चढलेला. मागे न वळताच तिने टूर मॅनेजरला हाक मारली.

"इनसे पूछिए, धोने पर रंग क्यों नहीं उतरता। पूरा पूछिए। और बीच में अपना दिमाग़ मत लगाइए, ये जो बोलेंगी वही बताइए। मुझे लिखना है!"