सहाच्या बसमधले देव

कंपनीच्या बसमध्ये रोज पाऊण तास बसलं की किस्से आपोआप साठतात. चिखलीहून चाकणला मी पाच वर्षं याच बसने जातोय. सकाळी सहाला सगळे पेंगत असतात. देव तेवढा जागा, तोही मोबाईलमध्ये!

*

प्रेस शॉप डिपार्टमेंटचा अक्षय रोज बसमध्ये मंदिराचं लाइव्ह दर्शन लावतो. एकदा ऐन आरतीत नेट अडकलं. कंपनीचं गेट आलं तरी पठ्ठ्या हात जोडून तसाच.

"उतर की राव!" मी म्हटलं.

"थांबा भाऊ, पुजारी हात वर करून अडकलेत. त्यांना सोडून कसं जाऊ?"

याच अक्षयने एकदा ‘अकरा जणांना पाठवा, चांगली बातमी येईल’ असला मेसेज चुकून प्रॉडक्शनच्या ग्रुपवर टाकला. मॅनेजर साहेबांचं लगेच उत्तर: "नोटेड. जबाबदारी कुणाची?"

*

क्वालिटीतली प्राजक्ता मोबाईलवर जप मोजते. नाव घेतलं की स्क्रीनला बोट. एक दिवस बोट फारच भराभर चाललेलं.

"आज स्पीड वाढला!"

"ऑडिट आहे ना सर आज!"

*

बस ज्ञानोबाकाकांची, कंपनीने भाड्याने घेतलेली; चालवतातही तेच. चिखलीचं जुनं शेतकरी घराणं. त्यांच्या मुलाने ग्रामदैवताचं इन्स्टाग्राम पेज काढलंय. पोरं कौतुक करायला लागली तसे काका आरशातून बघत म्हणाले, "द्येवाला फॉलोअर लई हायेत, व्हय. पर भंडाऱ्याला पंगतीत वाढायला चारच पोरं. बाकीची व्हिडिओ काढत व्हती!"

*

वेल्डर रुपेश मात्र यातल्या कशातच नसायचा. लातूरकडचा. देऊळ दिसलं तरी हात जोडायचा नाही. गावाहून त्याची आई रोज सकाळी देवाचा फोटो पाठवायची, खाली ‘शुभ सकाळ’. "उघडतच नाही मी," तो म्हणायचा. "आईला म्यूट केलंय."

मग आईचं मोठं ऑपरेशन झालं. ती आयसीयूत असतानाच याची रजा संपली. भावाला तिथे ठेवून हा कामावर आला. बसमध्ये आईचं चॅट उघडं ठेवून नुसता बघत बसायचा.

आठव्या दिवशी, तळवड्याच्या चौकात, फोटो आला. दत्ताचा. खाली ‘शुभ सकाळ’.

रुपेशने फोन कपाळाला लावला आणि डोळे मिटले.

मागून अक्षय म्हणाला, "काय भावा, देव पावला वाटतं!"

"देव कुठला," रुपेश म्हणाला. "आई ऑनलाइन आलीये."