जनुक गप्प का राहतं?

त्या रविवारीही मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतच बसले होते... सत्तरच्या दशकातली गोष्ट. सांगलीत लेक्चरर म्हणून लागून चार महिने झाले होते. खोलीवर जाऊन तरी बोलणार कुणाशी?

मी माण तालुक्यातली, दहिवडीजवळच्या खेड्यातली. पहिल्याच आठवड्यात शिकवताना तोंडून 'न्हाई' निघालं आणि वर्ग हसला. तेव्हापासून मी तोलून मापून बोलायचे, छापील. मुलंही गप्प... एकानेही कधी प्रश्न विचारला नाही.

सोमवारी जनुकांचं नियंत्रण शिकवायचं होतं. अभ्यासक्रमात नवाच विषय. मी रिकाम्या बाकांसमोर सराव करत होते. तेवढ्यात आमचे लॅब अटेंडंट दत्तूमामा काचसामान धुवायला आले.

"बाई, आयकायला तर कुनी न्हाई. कुनाला सांगताय?"

"तुम्हालाच सांगते," मी म्हटलं.

आणि खरंच सांगत सुटले... जीवाणूकडे दुधातली साखर पचवायची जनुकं असतात. पण साखरच नसेल तर त्यांच्यावरून आरएनए, म्हणजे त्यांची कामापुरती नक्कल, काढून उपयोग काय? म्हणून एक प्रथिन त्यांच्या सुरुवातीलाच चिकटून बसतं, आरएनए होऊच देत नाही. साखर आली की तिच्यामुळे त्या प्रथिनाची पकड सुटते आणि काम सुरू होतं.

मामा ओली परीक्षानळी हातात धरून उभेच.

"आवं बाई, पर त्ये अडवनारं प्रथिन कोन बनवतंय?"

चार महिन्यांतला पहिला प्रश्न... आणि नेमका!

"त्येचं येगळं जनुक हाय, मामा."

"मग त्याला कोन अडवतंय?"

"कुनी न्हाई. त्ये थोडं थोडं चालूच असतंय."

मी आमच्या गावच्या बोलीत बोलतेय हे मला फार उशिरा कळलं. तासभर बोलत होतो आम्ही.

सोमवारी वर्गात मी मामांचा प्रश्न मामांचं नाव घेऊन सांगितला. कुणीतरी खुसखुसलं... मी थांबले नाही. मग खिडकीजवळची एक मुलगी बिचकत उभी राहिली. "मॅडम, साखर संपल्यावर ते प्रथिन परत येऊन बसतं?"

बसतं, मी म्हटलं.

एकटेपण काही त्या दिवशी संपलं नाही. संध्याकाळी खोलीत एकटीनेच जेवले. पुढच्या वर्षी मामा रिटायर होऊन विट्याकडे, आपल्या गावी गेले. त्या एका प्रश्नाने मला काय दिलं, ते त्यांना सांगायचं मात्र राहून गेलं... म्हणून आज इथे लिहिलं.