दाजींचं रॅचेट

आक्काचं लग्न झालं तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. शिक्षण संपवून मी घरी परतेपर्यंत दाजींनी माझे वडील ताब्यात घेतले होते, असं मला पुष्कळ दिवस वाटत होतं. खरं सांगायचं तर अजूनही कधी कधी वाटतं.

आबा साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. वारणानगरच्या कामगार वसाहतीत आम्ही दोघं भावंडं वाढलो. घराण्यात पदवी घेणारा मी पहिला, आणि त्यासाठी आबांनी किती जादा पाळ्या केल्या हे मी विसरलेलो नाही. निवृत्तीनंतर ते माझ्याकडे उचगावला राहायला आले. दाजींचं गॅरेजही उचगावलाच; आबा नोकरीत असतानाही प्रत्येक सुट्टीला तिथं जायचे. झालं! सकाळचा चहा माझ्याकडे घ्यायचा, आणि मग दिवस मावळेपर्यंत आबा गॅरेजवर.

दाजी आयटीआय शिकलेले, पण हत्यारं बाळगायचे ती भारीतली. लाल रंगाचं खणाखणांचं कपाट, प्रत्येक खणात स्पंज कापून केलेले साचे, आणि साच्यात पाने नीट निजवलेले. आबा त्यातला एखादा पाना उचलायचे, अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "पावणं, नटावर कसा बसतोय बघा की! कोपरं अजिबात खात न्हाय." माझी इंजिनिअरिंगची फर्स्ट क्लासची मार्कशीट त्यांनी वाचली, घडी घातली आणि ट्रंकेत ठेवली होती.

मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे. मोजमापात न बसणारा भाग बाजूला काढायचा आणि फॉर्मवर नापास होण्याचं कारण लिहायचं, हे माझं रोजचं काम. पोलादातलं आपल्याला दाजींपेक्षा जास्त कळतं, अशी माझी समजूत होती. आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर तासन्‌तास तुलना करून मी नटावर टोपीसारख्या बसणाऱ्या सॉकेटचा एक स्वस्तातला सेट शोधून मागवला. पोलादाचं नाव तेच, चकाकी तीच, डब्यावर 'आजीवन वॉरंटी' हे शब्दही तेच. किंमत मात्र दाजींच्या सेटच्या पाचव्या हिश्शाची. बाकीचे पैसे नुसते नावाचे, असं मी घरी मोठ्यानं सांगितलं.

आबांनी वाद घातला नाही. त्यांनी कानस आणली आणि माझ्या एका सॉकेटच्या कडेवर हलकेच ओढली. बारीक पांढरा ओरखडा उठला. "पावण्याच्या सॉकेटवर कानस घसरती," एवढंच ते म्हणाले.

मी त्या ओरखड्याकडे दोन दिवस बघत होतो. तिसऱ्या दिवशी रविवार होता. सेट उचलला आणि गॅरेजवर गेलो.

एका टेम्पोच्या चाकावरच्या स्प्रिंगच्या पाट्याचा नट गंजून धरला होता. दाजी तेल सोडून वाट बघत बसले होते. "माझ्या सेटनं बघू," म्हणून मी खाली वाकलो. दुसऱ्याच हिसक्याला माझं सॉकेट उभं चिरलं.

"इंजिनेर, सॉकेट हाय का बिस्किट? चहात बुडवून आणलंस काय?" दाजी हसले. टेम्पोवाला हसला. आबा हसले नाहीत, ते खाली पडलेला तुकडा बघत होते, आणि ते मला जास्त लागलं.

दाजींनी स्वतःचं रॅचेट, म्हणजे सॉकेट अडकवून फिरवायची दातेरी दांडी, माझ्या हातात दिलं. "ह्ये घे. दम धरून कर. मी मामांस्नी चहा पाजून आणतो." बघता बघता आबा, दाजी आणि टेम्पोवाला समोरच्या टपरीकडे गेले.

ते रॅचेट हातात इतकं मऊ फिरत होतं की मला त्याचा राग आला. नट हलत नव्हता. भिंतीला एक लोखंडी पाईप टेकवलेला होता. तो मी रॅचेटच्या दांडीवर चढवला आणि अंगाचा सगळा भार दिला. असं करायचं नसतं हे मला ठाऊक होतं. नट सुटावा असं वाटत होतं, आणि त्यापेक्षा थोडं जास्त, हे मोडावं असं वाटत होतं. आतून कट्‌कन आवाज आला. दांडी सैल पडली. मी पाईप काढून होता तिथं ठेवला.

दाजी परत आले आणि मोडलेलं रॅचेट बघून शांतपणे म्हणाले, "काय काळजी करू नगंस. आयुष्यभराची वॉरंटी हाय. दुकानात नेलं की बदलून देत्यात."

आता मला त्या वॉरंटीचाही हेवा वाटायला लागला. माझ्या सेटच्या वॉरंटी कार्डावरच्या नंबरला मी संध्याकाळी फोन लावला. तीनदा नुसती रिंग गेली. चौथ्यांदा एका मुलीनं सांगितलं की बिल, मूळ डबा आणि फुटलेलं सॉकेट स्वखर्चानं दिल्लीला पाठवा, मग तपासून कळवू. पुठ्ठ्याचा डबा मी आधीच रद्दीत दिला होता.

पुढच्या शनिवारी आम्ही तिघं शाहूपुरीतल्या दाजींच्या दुकानदाराकडे गेलो. त्यानं बिलही मागितलं नाही. एक इंग्रजी फॉर्म पुढे केला. दाजींनी तो माझ्याकडे सरकवला. "तूच लिव बाबा. आपल्यात शिकलेला तूच हायस." त्यात टोमणा नव्हता. आबांनी खिशातलं पेन काढून दिलं.

नाव, पत्ता, मॉडेल भरलं. मग रकाना आला: बिघाडाचं कारण. रोज पन्नास वेळा मी हा रकाना भरतो. मी लिहिलं, दांडीला पाईप लावून जोर दिल्यामुळे.

दुकानदारानं वाचलं आणि चष्मा वर केला. "पाईप लावलाय? मग वॉरंटीत न्हाय बसायचं, पावणं. आतल्या दात्यांचा किट मिळंल, पैसं पडतील."

"पाईप? कुणी लावला?" दाजींनी विचारलं.

"मी."

"आरं मर्दा! मग लिवायचं कशापाय? 'कामात मोडलं' म्हणायचं की! खोटं बी न्हवतं!"

मी आबांचं पेन परत दिलं. खरं लिहिलं याचं मला बरं वाटत होतं. पण आयुष्यभराची म्हणवणारी ती वॉरंटी माझ्या डोळ्यांदेखत नाकारली गेली, याचंही बरं वाटत होतं, आणि दोन्हींतलं कुठलं किती ते मला सांगता आलं नसतं.

किटचे पैसे मी दिले. गॅरेजवर आल्यावर आबा आणि दाजी बाकड्यावर डोकी जोडून बसले, रॅचेट उघडलं, मोडके दाते वेचले, नवे बसवले. दोघांचे हात एकमेकांना न सांगता चालत होते. स्प्रिंग उडाली तर ती आबांच्या तळव्यातच पडली, आणि दाजी खळखळून हसले. मी उभा होतो.

शेवटी न राहवून मी विचारलं, "आबा, त्या रकान्यात तुम्ही काय लिहिलं असतं?"

आबांनी रॅचेट कानाशी धरून दोनदा फिरवलं. आवाज ठीक येत होता. ते त्यांनी दाजींच्या हातात दिलं.

"मी पाईप लावलाच नसता," ते म्हणाले.